बाबांचा आजार आणि माझे उंदीर

ज्या दिवशी बाबांच्या स्वादुपिंडाला सूज आली, त्या दिवशी सकाळी मी तोच आजार उंदरांना दिला होता. हे सांगितलं की समोरचा माणूस मला ते पुन्हा सांगायला लावतो.

माझं काम घोडबंदर रस्त्यावर, चेणे गाव मागे टाकलं की लागणाऱ्या एका संशोधन संस्थेत चालतं. मी औषधशास्त्र शिकले. गेली काही वर्षं आमचा गट एका नव्या संयुगावर काम करतोय. ते अजून औषध झालेलं नाही. त्याला नावही नाही, नुसता क्रमांक आहे. स्वादुपिंड म्हणजे पोटात जठराच्या मागे आडवी पडलेली ग्रंथी. अन्न पचवणारे रस ती तयार करते आणि ते आतड्यात पोचेपर्यंत निष्क्रिय ठेवते. कधीकधी ते रस आतच जागे होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. हा आजार अचानक येतो, भयंकर दुखतो, आणि बिघडला तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. त्यावर थेट काम करणारं औषध जगात कुठेच नाही. म्हणून आम्ही पांढऱ्या उंदरांना ठराविक अंतरानं एक द्रव्य टोचतो, त्यानं त्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते, आणि आमच्या संयुगानं ती सूज कमी होते का ते बघतो.

राई गावात माझ्या माहेरी हे काम कुणाला नीट कळलेलं नव्हतं. बाबा गावात सांगायचे, "पोरगी उंदरांची डॉक्टर हाय." लोक हसायचे, तेही हसायचे. बाबांच्या तरुणपणी आमच्या घरची भातशेती होती आणि खाडीकडेला मिठागर होतं. आता मिठागर नाही, बऱ्याचशा शेतावर इमारती उभ्या आहेत. घरामागे एक तुकडा उरलाय, त्यात बाबा भाजी लावतात. पोट दुखणं, छातीत जळजळणं याला त्यांच्याकडे एकच इलाज: सोडा प्यायचा आणि पडून राहायचं.

त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडत होते तेव्हा भावाचा फोन आला. तो माझ्याहून लहान, आईबाबांबरोबर राईलाच राहतो, शाळेच्या मुलांची गाडी चालवतो.

"ताई, बाबांच्या पोटात दुखतंय. सकाळपासून. सोडा प्यायले, उलटी झाली. आता बोलत पण नाहीयेत."

"झोपलेत का?"

"नाही ना. झोपले की जास्त दुखतं म्हणतात. पुढं वाकून बसलेत. उशी पोटाशी धरलीय."

"पाठीत जातंय का दुखणं?"

त्यानं बाबांना विचारलेलं मला ऐकू आलं. उत्तर मात्र ऐकू आलं नाही. मग भाऊ म्हणाला, "हो, मागे पाठीत. तुला कसं कळलं?"

मला कसं कळलं ते सांगायला वेळ नव्हता. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठीची कमान करून, डोळे बारीक करून बसलेले उंदीर मी सकाळपासून बघत होते. त्याला म्हटलं, "गाडी काढ. सोडा बंद, पाणीसुद्धा देऊ नकोस. मीरा रोडच्या हॉस्पिटलला घेऊन ये. मी तिकडेच येतेय."

प्रयोगाची पुढची इंजेक्शनं माझ्या सहकारी मैत्रिणीनं आपल्याकडे घेतली. "तू जा, मी बघते," एवढंच ती बोलली आणि माझ्या हातातली नोंदींची पाटी काढून घेतली. रिक्षा मिळेपर्यंत मी रस्त्यावर उभी होते आणि मनात म्हणत होते, साधं पित्त असू दे, माझं चुकू दे.

माझं चुकलं नव्हतं. रक्तात लायपेज नावाचं पाचक द्रव्य नको तेवढं वाढलेलं होतं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. त्यातला एखादा घरंगळून वाटेत अडकला असावा, त्यानं हे सगळं सुरू झालं, असं डॉक्टर म्हणाले. ते मूळचे गुजराती, पण मराठी अगदी सफाईनं बोलणारे. मी काय काम करते ते त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"मग तुम्हाला माहितीये," ते म्हणाले.

"हो."

"माझ्याकडे या आजारावर औषध नाही. सलाईन देणार, वेदना थांबवणार, श्वास आणि लघवीवर लक्ष ठेवणार. ग्रंथीला शांत व्हायला वेळ द्यायचा. बहुतेक लोक यातून बाहेर येतात. काही लोकांना जड जातं. तुमचे बाबा कुठल्या बाजूला जातील हे पहिल्या दोन-तीन दिवसांत कळेल."

ते जे बोलले ते मी स्वतः कितीतरी वेळा सादरीकरणाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. 'या आजारावर विशिष्ट औषध उपलब्ध नाही.' या वाक्यानं आमचा प्रत्येक प्रस्ताव सुरू होतो. बाबांच्या खाटेजवळ उभं राहून ते ऐकताना मात्र मी खाटेची कड धरली.

बाहेर बाकावर आई आणि भाऊ बसले होते. भाऊ उठून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुझं ते औषध आहे ना? उंदरांचं. ते दे ना बाबांना."

"ते देता येत नाही."

"का? इतकी वर्षं त्यावरच करतेयस ना तू?"

"माणसाला अजून कुणी दिलेलं नाही ते. किती द्यायचं माहीत नाही. बाबांच्या शरीरात काय करेल माहीत नाही. उंदरात चाललेली पुष्कळ औषधं माणसात चाललेली नाहीत, या आजारात तर एकही नाही."

रागावेल असं वाटलं, पण तो रागावला नाही. "मग आपण काय करायचं?" त्यानं विचारलं.

"थांबायचं," मी म्हटलं. आईनं माझा हात धरून मला शेजारी बसवलं. तिला आमच्या बोलण्यातलं किती कळलं होतं कोण जाणे. ती म्हणाली, "तू हायस ना इथं. मग झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा श्वास जोरात चालायला लागला. फुप्फुसाभोवती थोडं पाणी जमलं होतं. त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं, नाकाला प्राणवायू लावला. आपल्याला या आजाराची माहिती आहे याचा आधार वाटेल असं मला आदल्या दिवशी वाटलं होतं. उलटंच झालं. भाऊ यंत्रावरचे आकडे बघून घाबरत होता. मी डोळे मिटले की सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या दिसायच्या, सुजून एकमेकींपासून सुटलेल्या पेशी, त्यांच्यात शिरलेला दाह. हे बाबांच्या आत चाललंय, या क्षणी चाललंय, आणि मला त्याचा रंगही माहीत आहे.

त्या विभागातल्या एक सिस्टर उत्तनच्या होत्या. ख्रिस्ती कोळी घरातल्या, माझ्याहून वयानं मोठ्या, बोलायला मोकळ्या. बाबा राईचे आहेत हे कळल्यावर त्या त्यांच्याशी किनाऱ्याच्या बोलीत बोलायला लागल्या. लघवीची पिशवी मोजताना, ओल्या कापसानं त्यांचे कोरडे ओठ पुसताना त्यांचं बोलणं चालूच असायचं.

"बाबा, मिठागर होतं काय तुमचा?"

बाबांनी मान हलवली.

"आमचे घरची मासली तुमच्या मिठानं सुकवली असंल मंग. बोलू नका, नुसता आयका."

बाबांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. मी काचेच्या दाराबाहेरून ते पाहिलं आणि तिथंच भिंतीला टेकून रडले. त्या सिस्टरांचे आभार मी नंतर मानले, पण नेमके कशाबद्दल ते मला सांगता आलं नाही.

डॉक्टर दर थोड्या वेळानं येऊन सलाईनचा वेग बदलत होते. मी विचारलं तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. पूर्वी या रुग्णांना भराभर खूप पाणी चढवत असत, आता तसं करत नाहीत, कमी पडलं तर मूत्रपिंड बसतं आणि जास्त झालं तर फुप्फुस भरतं. पुढच्या दिवशी सकाळी श्वास जरा सावकाश झाला. त्यांनी पोट दाबून पाहिलं, बाबांनी तोंड वाकडं केलं पण ओरडले नाहीत. "भूक लागलीय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय," बाबा म्हणाले.

"मग पेज द्या. पातळ. तूप नाही, तेल नाही."

मी चकित झाले. मी शिकत होते तेव्हाच्या जुन्या पुस्तकांत रुग्णाला दिवसचे दिवस उपाशी ठेवायला सांगितलं होतं, ग्रंथीला विश्रांती म्हणून. नवं मत मी वाचलं होतं, पण समोर घडताना पाहिलं नव्हतं. आतडं उपाशी राहिलं तर त्याचं अस्तर कमजोर होतं आणि जंतू आत शिरतात, हे आधी प्राण्यांत दिसलं होतं, मग माणसांत तपासलं गेलं. कुठल्या तरी प्रयोगशाळेत, माझ्यासारख्याच कुणीतरी, माझ्या उंदरांसारख्याच उंदरांवर ते पाहिलं असणार. त्यांना राईचा हा माणूस माहीत नव्हता. त्यांच्या कामामुळे त्याला पेज मिळत होती.

आईनं घरी जाऊन तांदळाची पेज करून आणली. डबा उघडताना तिनं डॉक्टरांना विचारलं, "मीठ घातलंय चिमूटभर. चालंल ना?" डॉक्टर हो म्हणाले. बाबांनी चार चमचे घेतले आणि पाचव्याला मान फिरवली. आईनं तो चमचा डब्यात परत ठेवला आणि पदरानं स्वतःचंच तोंड पुसलं.

साध्या वॉर्डात आल्यावर बाबा बोलायला लागले. एका संध्याकाळी मी एकटीच त्यांच्यापाशी होते. सलाईन निघालं होतं. छताकडे बघत त्यांनी विचारलं, "बाय, तुजे उंदरांना पन असाच दुखतं काय?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला माहीत होतं. "हो," मी म्हटलं. "दुखतं."

"वराडतात?"

"नाही. कोपऱ्यात बसतात. पाठ वाकवून, डोळे बारीक करून."

"मी बसलेलो तसाच."

"तसेच."

त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाले, "त्यांना दुखन्यावर काय देतां का न्हाय?"

"देतो. दुखणं ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की इंजेक्शन देतो. तसा नियमच आहे."

"त्या सिस्टरबायनं मना टोचलंन ना, दुखनं थांबलं, तवा वाटला परत जल्मलो," ते म्हणाले. "त्यांना पन लवकर देत जा." मग माझ्याकडे वळून, "आनी तुजं औषद? ते कंदी देतां?"

"आजार सुरू व्हायच्या थोडं आधी."

बाबांना हसू आलं. हसताना पोट दुखलं म्हणून त्यांनी हात पोटावर धरला. "आगोदर? मना कुनी इचारला आगोदर?"

मीही हसले. बाबांच्या प्रश्नात नवीन काही नव्हतं. या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. संयुगात काही दम आहे का, हे बघायला पहिल्यांदा ते आधी देऊन पाहतात, आणि दम दिसला तर पुढच्या टप्प्यात उशिरा देऊन पाहतात. आमच्याही आराखड्यात तो टप्पा होता, पण लांब कुठेतरी, बाकीची सगळी कामं झाल्यावर. मी मात्र त्या रात्री मीरा रोडला सिल्व्हर पार्कमधल्या माझ्या घरी जेवायला बसले आणि नवऱ्याला तेच सांगत राहिले. बाबांना सकाळी दुखायला लागलं. ते सोडा प्यायले. वाट पाहिली. भावानं दुपारी फोन केला. मग गाडी, मग रहदारी, मग तपासण्या. औषध असतं तरी ते बाबांना दिवस मावळताना मिळालं असतं. "मग तुमच्या उंदरांनाही तेव्हाच द्या," नवरा म्हणाला. "तेच मी मॅडमना विचारणार आहे," मी म्हटलं.

आमच्या गटप्रमुख मॅडम कमी बोलतात. मी कामावर परतले त्या दिवशी त्यांनी आधी बाबांची चौकशी केली, नीट, बारकाईनं, सगळं ऐकून घेतलं. मग मी माझं म्हणणं मांडलं. पुढचा टप्पा अलीकडे आणू. आजार सुरू झाल्यावर औषध देऊ, काही उंदरांना थोड्या उशिरानं, काहींना बऱ्याच उशिरानं. आणि वेदनाशामक सगळ्याच गटांना सुरुवातीपासून देऊ, कारण हॉस्पिटलात आलेल्या प्रत्येक माणसाला ते मिळतंच.

"कदाचित काहीच दिसणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आत्तापर्यंतचं चांगलं चित्र आहे तेही फिकं पडेल. तयारी आहे?"

"आहे."

"मग लिहून आण."

प्राण्यांवरचा प्रत्येक प्रयोग नीतिसमितीपुढे जावा लागतो. समितीत संस्थेबाहेरच्या एक बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी माझ्याकडे सरळ बघत विचारलं, "आणखी प्राणी कशाला? एकदा झालंय ना?"

मी शास्त्रीय उत्तर पाठ करून गेले होते. ते दिलं. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. मग मी म्हटलं, "बाई, मागच्या महिन्यात माझे वडील याच आजारानं हॉस्पिटलात होते. ते पोचले तेव्हा बराच वेळ गेलेला होता. सगळेच रुग्ण तसे पोचतात. आम्ही आत्ता जे तपासलंय ते कुठल्याच रुग्णाच्या बाबतीत खरं नाही. एवढ्यावरच थांबलो तर आधीचे प्राणी वाया गेले असं होईल."

त्यांनी मान डोलावली. "वडील बरे आहेत?"

"बरे आहेत."

समितीनं परवानगी दिली. गटांची रचना बदलून प्राण्यांची संख्या थोडी कमी करायला लावली, आणि वेदनाशामकाची सूचना जशीच्या तशी ठेवली. त्या बाईंनी तो कठीण प्रश्न विचारला याबद्दल मला आजही बरं वाटतं. त्यामुळे माझं म्हणणं मलाच स्पष्ट झालं.

दरम्यान बाबांचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. खडे त्यांनी डबीत घालून घरी नेले आणि गावात दाखवत हिंडले. आईनं ती डबी एक दिवस गुपचूप फेकून दिली.

प्रयोग पुढे कित्येक आठवडे चालला. काचपट्ट्या तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना कुठली पट्टी कुठल्या गटाची हे कळू नये म्हणून सगळ्यांवर सांकेतिक खुणा होत्या. खुणा उलगडल्या त्या सकाळी मॅडम, माझी मैत्रीण आणि मी एकाच पडद्याभोवती बसलो होतो. खूप उशिरा औषध दिलेल्या उंदरांमध्ये काहीही फरक नव्हता. औषध दिलं काय आणि नुसतं मीठपाणी दिलं काय, सारखंच. मधल्या गटात, म्हणजे आजार सुरू झाल्यावर पण फार उशीर न करता दिलेल्यांमध्ये, फरक होता. पहिल्यासारखा डोळ्यात भरणारा नाही. पण होता. सूज कमी होती, मेलेल्या पेशी कमी होत्या. मॅडमनी आकडे पुन्हा एकदा करून पाहायला सांगितले. पुन्हा तेच आले.

"हे खरं आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून आम्हाला मिळालेलं सगळ्यात मोठं कौतुक तेच. चांगले आणि वाईट, दोन्ही निष्कर्ष आम्ही लिहून शोधपत्रिकेकडे पाठवले. आता दुसऱ्या एका प्रकारे घडवलेल्या आजारात, पित्ताच्या वाटेनं सुरू होणाऱ्या, म्हणजे बाबांच्यासारख्या आजारात, संयुगाची परीक्षा चालू आहे. ते माणसापर्यंत पोचेल की वाटेतच संपेल, मला माहीत नाही. माझ्या नोकरीच्या काळात कळेल याचीही खात्री नाही.

बाबांना मी निकाल सांगितला. घरामागे ते वांग्यांना पाणी घालत होते. "औषध चालतं बाबा, पण थोडंच. आणि उशीर केला तर नाहीच."

"म्हंजे लवकर गेला पायजे."

"हो."

त्यांनी हे मनावर घेतलं. देवळाच्या ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना ते सांगायला लागले की पोटात दुखून पाठीत कळ गेली आणि उलटी झाली, तर सोडा पीत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आई म्हणायची, आता यांना दुसरा विषयच नाही. मग पावसाळ्यानंतर कधीतरी भावाचा फोन आला. आमच्या आळीतल्या एका काकूंना तसंच दुखायला लागलं होतं. घरचे लिंबूपाणी करत होते. बाबांनी जाऊन त्यांच्या मुलाला गाडी काढायला लावली. त्यांनाही तोच आजार निघाला, पण लवकर पोचल्यामुळे की मुळातच सौम्य असल्यामुळे, काही दिवसांत त्या घरी आल्या. कशामुळे ते कुणालाच सांगता येणार नाही. काकूंच्या मुलानं मात्र बाबांच्या पाया पडून शर्टाचं कापड दिलं. बाबांनी ते घेतलं आणि मला फोन करून सांगितलं, "तुजे उंदरांचा मान मना मिलाला."

प्रयोगाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे ग्रंथी तपासण्यासाठी उंदरांचा जीव घ्यावा लागतो त्या दिवशी, प्राणीविभागात जाताना मी आणि माझी मैत्रीण हल्ली दारापाशी थोडं थांबतो. असं करायचं कधी ठरलं नव्हतं, तिनंच एकदा थांबून हात जोडले आणि मग मीही जोडले. बाबा आज सकाळी काय जेवले असतील एवढाच विचार मनात येतो, आणि मग आम्ही हातमोजे घालून आत जातो.